शेंगेन व्हिसा: टेबलापलीकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात व्हिसाच्या फायली लावून देण्याचं काम करतो. टेबलापलीकडची माणसं बदलतात, प्रश्न फारसे बदलत नाहीत. युरोपला ९० दिवसांपर्यंत सहलीला, नातेवाइकांकडे किंवा धंद्याच्या कामाला जाणारे जे विचारतात ते इथे घेतलं आहे, जवळपास त्यांच्याच शब्दांत. शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन कायमचं जाणाऱ्यांचे व्हिसे वेगळे, त्यांचं इथे काही सापडणार नाही.

शेंगेन म्हणजे काय? युरोपचा व्हिसा तो हाच का?

जवळपास हाच, पण तंतोतंत नाही. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी आपापसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायच्या करारावर सह्या केल्या. आज त्यात २९ देश आहेत आणि एका देशाने दिलेल्या व्हिसावर एरवी बाकीच्या २८ देशांतही फिरता येतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनश्टाइन हे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रसचं नेमकं उलट. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे.

लंडन यात येत नाही. 'लंडन-पॅरिस-स्विस' अशी सहल ठरवली असेल तर व्हिसे दोन, फी दोन, आणि पासपोर्ट मात्र एकच. तो एका ठिकाणाहून सुटल्याशिवाय दुसरीकडे देता येत नाही, म्हणून अशा सहलीची तयारी एरवीपेक्षा महिनाभर आधीच सुरू करा.

सगळ्यात सोपा व्हिसा कुठल्या देशाचा मिळतो? तिथलाच काढून टाकू.

हा प्रश्न रोज येतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुम्ही निवडायचं नसतं, तुमचा प्रवास ते ठरवतो. जिथे मुख्य काम आहे किंवा जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार नकाराचा कागद घेऊन माझ्याकडे आले होते. बर्लिनला दर फेब्रुवारीत फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, 'फ्रूट लॉजिस्टिका', तिथे त्यांना जायचं होतं. अर्ज जर्मनीकडे केलेला, तो बरोबरच. पण फाइल उघडली आणि मला कळलं. पत्रात फक्त प्रदर्शनाचा उल्लेख. हॉटेल बर्लिनला तीन रात्री आणि पुढे पॅरिसला पाच रात्री. विमा पाच दिवसांचा. बरोबर वहिनी होत्या, त्यांच्या अर्जात 'पर्यटन' लिहिलेलं, आणि त्या कोणाबरोबर चालल्या आहेत हे कुठेच नाही. एकेक कागद खरा होता, पण चार कागद चार गोष्टी सांगत होते.

नवीन अर्जात आम्ही पत्र नीट लिहिलं: प्रवास प्रदर्शनासाठी, म्हणून अर्ज जर्मनीकडे, पत्नी बरोबर आहे, प्रदर्शन झाल्यावर पॅरिसला दोनच दिवस, आणि अमुक तारखेला परत, कारण त्याच आठवड्यात रॉटरडॅमला जाणारा कंटेनर भरायचा आहे. ते म्हणाले, "अहो, माल तोडायला आलेला असताना मी बाग सोडून चाललोय हे कशाला सांगायचं? उलटाच अर्थ काढतील." उलट तेच सांगायचं असतं. हा माणूस परत का येईल, हे तर त्या अधिकाऱ्याला शोधायचं असतं. ज्याचा माल वेलीवर लटकतोय तो बर्लिनमध्ये राहून काय करणार? व्हिसा आला.

किती आधी अर्ज करावा?

नियम असा: प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी नाही आणि निदान पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५ दिवसांपर्यंत. पण खरी रांग त्याच्या आधीची, अपॉइंटमेंटची. एप्रिल-मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, सगळा महाराष्ट्र त्याच वेळी स्वित्झर्लंडला निघतो. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत फाइल तयार ठेवा.

फी किती? नाकारला तर परत मिळते का?

११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहान असेल तर काही नाही. हे रुपयांत घेतात आणि दर बदलत राहतो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. परत काहीही मिळत नाही.

खात्यात किती पैसे लागतात?

लोकांना एक आकडा हवा असतो. 'पाच लाख टाका, होऊन जाईल' असं सांगणारेही भेटतात. एकच असा आकडा नाही. प्रत्येक देशाचे रोजच्या खर्चाचे आपापले ठोकताळे असतात. उदाहरणार्थ फ्रान्स, हॉटेलचं बुकिंग दाखवलं तर माणशी दिवसाला ६५ युरो धरतो, नसेल तर १२०. दहा दिवसांना ६५० युरो म्हणजे काही आभाळाएवढी रक्कम नव्हे.

अडचण रकमेची नसतेच. खातं तीन महिने, कुठे सहा महिने मागतात, आणि ते वाचणारा माणूस शेवटची ओळ बघून थांबत नाही. पगाराच्या स्लिपवर ६८ हजार आहेत आणि खात्यात दर महिन्याला ६१ जमा होत आहेत, तर सात कुठे गेले? सोसायटीचा हप्ता कापला जातो, ठीक, स्लिपवर तो दिसू द्या. सहा महिने खात्यात वीस-बावीस हजार खेळतायत आणि अर्जाच्या आधल्या आठवड्यात मेहुण्याकडून चार लाख आले, तर ते उसनवारीचे आहेत हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पैसे खरोखर तुमचेच असतील, जमीन विकली, विम्याची पॉलिसी पिकली, तर तो कागद जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा. मुदत ठेवींच्या पावत्या जोडाव्यात, पण आधार म्हणून. खर्चाला हाताशी असलेला पैसा बचत खात्यातच दिसावा लागतो. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, बँकेत सासरचं. चालेल का?

चालतं, पण सांगावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला जोडा, पॅन कार्ड ज्या नावाचं असेल ते जोडा आणि पत्रात लिहा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा वेगळा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

आपल्या नावांची दुसरी गंमत म्हणजे मधलं नाव. बाप्याचं वडिलांचं, लग्न झालेल्या बाईचं नवऱ्याचं, आणि काही कागदांवर ते मुळातच गायब. युरोपातल्या माणसाला ही पद्धत ठाऊक असेलच असं नाही. त्यात 'विश्वास' एका कागदावर डब्ल्यू घालून आणि दुसऱ्यावर व्ही घालून लिहिलेला असतो. असं एखादं अक्षर इकडेतिकडे झालं म्हणून व्हिसा अडल्याचं मी पाहिलेलं नाही, पण तिकीट, विमा आणि हॉटेल या तिन्हींवर मात्र पासपोर्टवर आहे तसंच नाव हवं, अक्षरन् अक्षर.

आम्ही शेतकरी. इन्कम टॅक्स भरतच नाही, तर काय दाखवायचं?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सातबारा आणि आठ-अ, बाजार समितीच्या किंवा आडत्याच्या पट्ट्या, निर्यातदाराला माल दिला असेल तर त्याची बिलं, साखर कारखान्याचं ऊसबिल, आणि ते पैसे ज्या खात्यात आले ते खातं. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरात गट नंबर आणि क्षेत्र नीट तपासा. मी एकदा ० हेक्टर ८१ आर चे ८१ हेक्टर झालेले पाहिले आहेत. विवरणपत्र भरण्याची सक्ती नसली तरी बरेच बागायतदार भरतात आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवतात. तुम्ही भरत असाल तर फाइलचं निम्मं काम झालं.

दुकानदारांनी शॉप ॲक्टचा परवाना, म्हणजे ज्याला आपण अजून गुमास्ता म्हणतो तो, जीएसटी नोंदणी आणि तीन वर्षांची विवरणपत्रं लावावीत. नोकरदारांनी रजा मंजूर झाल्याचं पत्र. त्यात 'अमुक तारखेला कामावर रुजू होणार' हे वाक्य हवंच. सरकारी नोकरीत असाल तर खात्याची परवानगी. ती फाइल टेबलावरून टेबलावर किती दिवस फिरते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. निवृत्तांनी पेन्शनचं खातं आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश.

कामासाठी चाललोय. पर्यटन लिहिलं तर झंझट कमी होईल का?

नको. धंद्याचा व्हिसा उलट सरळ असतो, कारण तिकडून कोणीतरी बोलावलेलं असतं. तिकडच्या कंपनीचं पत्र तिच्या लेटरहेडवर, त्यात तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, कशासाठी बोलावलं आणि खर्च कोण करणार. इकडच्या कंपनीचं पत्र त्याच तारखांचं. खर्च 'आम्ही करू' असं दोन्ही पत्रांत असेल तर कोणता खर्च कोण करणार ते वेगळं लिहा. हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला पिंपरी-चिंचवडचे कितीतरी लघुउद्योजक जातात. त्यांच्याकडे प्रवेशपासाचा कागद असतो, तोही लावा. निर्यात करत असाल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीच्या नोंदणीचा क्रमांक.

यात एक खड्डा आहे. बैठका, प्रदर्शन, कारखाना बघणं, सौदा ठरवणं हे सगळं चालतं. पण तिकडे जाऊन स्वतः यंत्र बसवून देणार किंवा दुरुस्त करणार असाल तर ते कुठे 'काम' धरलं जातं आणि त्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. पत्रात 'मीटिंग' लिहून हातात पाना घेऊन जाऊ नका. आधी त्या कंपनीलाच विचारायला सांगा.

मुलगा स्टुटगार्टला आहे. आम्ही दोघं त्याच्याकडे राहणार, हॉटेल कशाला दाखवायचं?

दाखवायचं नाहीच. मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत, घराचा पत्ता, आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला. खर्च तो करणार असेल तर जर्मनीत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन त्याला हमीपत्र करून घ्यावं लागतं. त्याला फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. बाबांना हा शब्द पाठ करायला लावू नका, मूळ कागद कुरिअरने मागवा. फ्रान्समध्ये अशा पाहुण्यांसाठीचा कागद तिथल्या नगरपालिकेतून काढतात. दोन्ही ठिकाणी वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी मुलावर सोपवा.

तिकीट आधी काढावं लागतं का? 'डमी' चालतं का?

पैसे भरून पक्कं तिकीट काढायची घाई करू नका. जायच्या-यायच्या प्रवासाचं आरक्षण दाखवायचं असतं. रद्द करता येणारं बुकिंग किंवा विमान कंपनीने काही दिवस धरून ठेवलेली जागा घ्या. पाचशे रुपयांत नुसता कागद छापून देणारे आहेत. त्यावरचा बुकिंगचा नंबर टाकून पाहिला आणि काहीच निघालं नाही, तर खोटा कागद दिला म्हणून नकार येतो, आणि हा नकार बाकीच्यांपेक्षा वाईट.

विमा कितीचा?

किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, राहण्याच्या सगळ्या दिवसांचा. आजारी माणसाला किंवा पार्थिव परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मुलाखत असते का?

बहुतेक नाही. बऱ्याच देशांचे अर्ज व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रावर घेतात, स्पेनचे बीएलएस या तशाच कंपनीकडे. तिथली मुलं-मुली कागद तपासतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, पाकीट वकिलातीकडे धाडतात. व्हिसा द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही आणि गोड बोलूनही नाही. ठसे ५९ महिने चालतात. त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर सहसा नवे लागत नाहीत. बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे घेतच नाहीत.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओत नुसतं 'व्हिसाचा फोटो' म्हटलं की पुष्कळदा अमेरिकेचा दोन इंची चौकोनी काढून देतात, तो इथे चालत नाही. पासपोर्टची दोन पानं कोरी हवीत आणि परतल्यावर त्याची मुदत निदान तीन महिने उरलेली हवी.

नंतर कधीतरी वकिलातीतून फोन येऊ शकतो, तुम्हाला किंवा तुमच्या ऑफिसात. अनोळखी नंबर म्हणून कापू नका. आणि ऑफिसच्या रिसेप्शनला सांगून ठेवा. 'या नावाचं इथे कोणी नाही' हे उत्तर मी एका फाइलवर भोगलं आहे.

नकार आला. आता?

नकाराचा ठरलेला छापील नमुना असतो आणि त्यावर कारणापुढे खूण केलेली असते. 'प्रवासाचा हेतू आणि राहण्याच्या अटी सिद्ध झाल्या नाहीत' आणि 'परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका' ही दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात. अपील करता येतं, त्याची पद्धत ज्या देशाने नाकारलं त्याची. जर्मनीत वकिलातीकडेच फेरविचार मागायची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता तिथे कोर्ट किंवा नवा अर्ज. माझं मत विचाराल तर सहलीसाठी कोर्टात जाण्यापेक्षा चूक शोधून नवा अर्ज करा. मात्र तीच फाइल, तेच कागद, वर नवी तारीख, असं करू नका. जुना नकार त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहतो. दुसऱ्या देशाकडे गेलात तरी त्यांना तो दिसतो.

९० दिवसांचा हिशेब कसा धरायचा?

कोणत्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात आत काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. समजा आई १ एप्रिलला गेल्या, ६० दिवस राहून ३० मेला परतल्या आणि नातवासाठी १ जुलैला पुन्हा गेल्या. त्यांना ३० जुलैला निघावंच लागेल, व्हिसा डिसेंबरपर्यंत असला तरी. 'बाहेर पडलं की मीटर शून्यावर येतं' हा समज घरोघर आहे आणि तो चूक आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांची संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, त्यामुळे आता पुसट शिक्क्याचा आडोसाही मिळणार नाही.

दोन वर्षांचा, पाच वर्षांचा व्हिसा मिळतो म्हणतात, खरं?

खरं. १८ एप्रिल २०२४ ला भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी हा नियम आला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्या.

आम्ही गोव्याचे. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, माझा भारतीय.

मग तुम्ही युरोपीय नागरिकाच्या कुटुंबातल्या. नवऱ्याबरोबर किंवा त्याच्याकडे फ्रान्स, जर्मनी अशा, म्हणजे पोर्तुगाल सोडून दुसऱ्या सदस्य देशात जाणार असाल तर व्हिसाला फी नाही आणि बँकेच्या कागदांचा फाफटपसाराही नाही. लग्नाचा दाखला आणि त्याचा पासपोर्ट हे मुख्य. खुद्द पोर्तुगालला जायचं तर तिथला नियम वेगळा लागतो.

व्हिसा आला! पाकीट उघडल्यावर काय बघू?

नाव आणि पासपोर्ट नंबर. मग तारखा. '५ मेपासून २९ मेपर्यंत' असं लिहिलेलं बघून लोक खूश होतात, पण शेजारच्या रकान्यात दिवस १० असतात. पंधरा दिवस सवलतीचे जोडलेले असतात, विमान पुढेमागे झालं तर सोय म्हणून, राहायचे दहाच. कितीदा आत जाता येईल तेही तिथेच आहे. '०१' असेल तर मधेच दोन दिवस लंडनला जाऊन परत पॅरिसला येता येणार नाही. चूक दिसली तर लगेच कळवा, विमानतळावर नाही. आणि विमा, हॉटेल, परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, सीमेवरचा अधिकारी मागू शकतो.

मुलासाठी हापूसची पेटी नेता येते का?

नाही. बाहेरून येणाऱ्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, तो तुमच्या पेटीला कोण देणार? कढीपत्ताही राहू द्या. तूप, पेढे, खवा, सुकं मटण यांतलं काही चालत नाही, कारण दूध आणि मांसाच्या पदार्थांना बंदी आहे. केळी, अननस, खजूर आणि नारळ यांना त्या दाखल्यातून सूट आहे. त्यामुळे ओटी भरलेला नारळ खुशाल न्या.